रक्तदाबाचा लगाम चेतासंस्थेच्या हाती: व्यायामाने ही यंत्रणा कशी सुधारावी

पुण्याच्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून वर पोहोचलेल्या पन्नाशीच्या निरोगी माणसाच्या दंडाला त्याच क्षणी रक्तदाबाचे यंत्र लावले, तर वरचा आकडा १६० ते १८० च्या घरात दिसू शकतो. तोच माणूस घरी परतून तासाभराने शांत बसला, की बहुधा त्याच यंत्रावर सकाळपेक्षाही थोडा कमी आकडा दिसतो. या दोन्ही आकड्यांत यंत्राची चूक नसते आणि शरीराचीही नसते. चढताना दाब वाढवण्याचा आणि नंतर तो उतरवण्याचा निर्णय चेतासंस्थेने घेतलेला असतो, आणि रोजच्या व्यायामाने हळूहळू बदलते ती मुख्यतः हीच निर्णय घेणारी यंत्रणा.

रक्तदाबाविषयी बोलताना आपण मीठ, वजन आणि गोळ्या यांवर थांबतो. ते सारे महत्त्वाचेच आहे. परंतु व्यायाम नेमका कशावर काम करतो हे कळले नाही, तर माणूस चुकीच्या वेळी दाब मोजून घाबरतो, दम कोंडून वजने उचलतो, चालणे संपवून एकदम उभा राहतो आणि चक्कर आली की व्यायामच सोडून देतो. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा वाढू लागला आहे आणि ज्यांना व्यायाम समजून-उमजून सुरू करायचा आहे, अशा प्रौढांसाठी हा लेख आहे. ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, त्यांनी यातील कोणतीही गोष्ट आपल्या डॉक्टरांच्या संमतीनंतरच करावी.

आधी यंत्रणा समजून घ्यावी

मानेतील ग्रीवा रोहिणी जबड्याच्या कोनाखाली जिथे दुभागते, तिथे तिच्या भिंतीत अतिशय संवेदनशील मज्जातंतूंची टोके असतात. तशीच टोके हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीतही असतात. यांना दाबग्राही म्हणतात, जरी ती प्रत्यक्षात दाब नव्हे तर भिंतीला बसणारा ताण मोजतात. भिंत अधिक ताणली गेली की या टोकांकडून मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाकडे, म्हणजे जुन्या पुस्तकांतील लंबमज्जेकडे, अधिक संदेश जातात. तिथून दोन आज्ञा सुटतात. शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या परानुकंपी (पॅरासिम्पथेटिक) विभागातील व्हेगस मज्जातंतू हृदयाला सावकाश चालण्यास सांगतो, आणि शरीराला श्रमासाठी सज्ज करणाऱ्या अनुकंपी (सिम्पथेटिक) विभागाचा जोर कमी होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. दाब घटला की हेच सारे उलट घडते. आपण झोपेतून उठून उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते, तरीही डोळ्यांपुढे अंधारी येत नाही, याचे श्रेय या प्रतिक्षेपी क्रियेला आहे.

मानेतील आणि महारोहिणीतील या ठिकाणांचा अभ्यास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झपाट्याने पुढे गेला. श्वसनाच्या नियंत्रणातील त्यांचे कार्य उलगडल्याबद्दल बेल्जियममधील गेंट येथील कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग ही यंत्रणा असतानाही रक्तदाब वर्षानुवर्षे चढा कसा राहतो? याचे उत्तर या लेखाचा गाभा आहे. दाबग्राही एखाद्या ठरलेल्या आकड्याशी कायमचे बांधलेले नसतात. दाब काही दिवस सतत चढा राहिला, तर ते त्यालाच नेहमीची पातळी मानू लागतात आणि मग तीच पातळी टिकवण्यासाठी झटतात. त्यातच वयाने आणि दीर्घकाळच्या उच्च दाबाने रोहिण्यांच्या भिंती कडक झालेल्या असतात. त्यामुळे तीच दाबवाढ भिंतीला पूर्वीइतकी ताणत नाही आणि मेंदूला मिळणारी बातमी बोथट होते. लगाम हातात असतो, पण तो सैल झालेला असतो आणि चुकीच्या जागी धरलेला असतो.

व्यायाम सुरू होताच तीन गोष्टी जवळजवळ एकत्र घडतात. पहिली म्हणजे मेंदूचा जो भाग स्नायूंना हालचालीची आज्ञा देतो, तोच त्या आज्ञेची प्रत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या केंद्रांकडेही पाठवतो. त्यामुळे पहिले पाऊल पडते न पडते तोच व्हेगसचा लगाम ढिला होतो आणि नाडी वाढते. दुसरी गोष्ट काम करणाऱ्या स्नायूंकडून घडते. स्नायू ताणला-आखडला जात असल्याची बातमी काही मज्जातंतू देतात, तर स्नायूंत साठणाऱ्या रासायनिक द्रव्यांची बातमी दुसरे बारीक मज्जातंतू देतात, आणि या दोन्ही बातम्यांमुळे अनुकंपी जोर वाढून दाब चढतो. हा दुसरा मार्ग १९३७ साली आलम आणि स्मर्क यांनी एका साध्या प्रयोगाने दाखवला. हातापायाचा व्यायाम थांबवण्याच्या वेळी त्या भागाचा रक्तपुरवठा पट्ट्याने रोखून धरला, तर हालचाल थांबूनही रक्तदाब चढाच राहतो, आणि पट्टा सोडला की तो उतरतो. आज्ञा देणे थांबले होते, तरी स्नायूंत अडकलेली द्रव्ये तक्रार करीतच होती.

तिसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. दाब वाढला तर दाबग्राहींनी नाडी मंद करायला हवी, पण तसे होत नाही. मेंदू त्या काळापुरती त्यांची नेमलेली पातळी वर सरकवतो, आणि त्या नव्या पातळीभोवती त्यांचे काम पूर्वीइतक्याच तत्परतेने चालू राहते. म्हणूनच भरभर चालताना वरचा आकडा वाढतो आणि खालचा फारसा हलत नाही, कारण काम करणाऱ्या स्नायूंतील वाहिन्या अनुकंपी आज्ञेला न जुमानता उघडतात, तर पोटातील अवयवांच्या वाहिन्या आवळल्या जातात.

व्यायाम संपल्यावर हीच नेमलेली पातळी विश्रांतीच्या नेहमीच्या पातळीच्याही खाली येते. अनुकंपी जोर कमी होतो, स्नायूंत सुटलेल्या हिस्टामिनसारख्या द्रव्यांमुळे तिथल्या वाहिन्या आणखी काही काळ उघड्या राहतात, आणि उच्च रक्तदाब असलेल्या माणसात दाब काही तास, कधी कधी जवळजवळ दिवसभर, नेहमीपेक्षा खाली राहतो. रोज किंवा एक दिवसाआड हा उतार मिळत गेला, तर काही आठवड्यांत विश्रांतीची पातळीच खाली येऊ लागते. २००७ साली साओ पावलो येथील संशोधकांनी कधीही औषध न घेतलेल्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना चार महिने नियमित व्यायाम करवला, तेव्हा त्यांच्या दाबग्राहींची प्रतिक्रिया निरोगी माणसांच्या तोडीची झाली आणि स्नायूंकडे जाणारे अनुकंपी संदेश घटले. व्यायाम न करणाऱ्या रुग्णांत असा बदल झाला नाही.

पहिले पाऊल: आपली खरी पातळी शोधणे

दवाखान्यातील एकाच आकड्यावर व्यायामाची आखणी करू नये, कारण तिथे नुसत्या धास्तीनेही अनुकंपी विभाग जागा होतो. दंडाला बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे, त्याचा पट्टा आपल्या दंडाच्या घेराला योग्य असावा, आणि सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजणी करावी. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून व पावले जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, आणि दंड हृदयाच्या उंचीवर राहील असा हात टेबलावर ठेवावा. प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोन आकडे घ्यावेत. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्या सहा दिवसांच्या २४ आकड्यांची सरासरी काढावी. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर तो उच्च रक्तदाब समजला जातो. सकाळची मोजणी गोळी घेण्यापूर्वी आणि न्याहारीपूर्वी करावी, एवढे लक्षात ठेवावे.

याच आठवड्यात एकदा उभे राहण्याची चाचणी करावी. ही चाचणी घरी क्वचितच कोणी करते, पण चेतासंस्थेविषयी इतके सांगणारी आणि इतकी सोपी दुसरी चाचणी मला माहीत नाही. पाच मिनिटे आडवे पडून दाब मोजावा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा. यंत्र चालू असताना जवळ घरातील कोणीतरी असावे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर उभे राहिल्यावर दाब सावरण्याचे काम नीट होत नाही असे समजावे, आणि व्यायाम सुरू करण्यापूर्वी ही गोष्ट डॉक्टरांना दाखवावी. साठी ओलांडलेल्या, जुना मधुमेह असलेल्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्या माणसांनी ही चाचणी मुळीच वगळू नये.

विश्रांतीतील दाब १८०/११० किंवा त्याहून वर असेल, तर व्यायाम पुढे ढकलून आधी औषधोपचाराने तो खाली आणावा. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, पूर्वी शुद्ध हरपलेली असणे किंवा नाडी अनियमित लागणे यांपैकी काही असल्यास आधी तपासणी, मग व्यायाम.

दुसरे पाऊल: आपल्या गोळ्या आणि व्यायाम यांचे नाते

मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या हृदयावरील अनुकंपी आज्ञा अडवतात. त्यामुळे कितीही जोरात चालले तरी नाडी फार वाढत नाही, आणि २२० मधून वय वजा करून काढलेला नाडीचा हिशेब अशा माणसाला लागू पडत नाही. नाडी वाढावी म्हणून जोर करत राहणे ही येथील नेहमीची चूक आहे. अशांनी बोलण्याची कसोटी वापरावी. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरेसा आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाच्या जाणिवेसाठी ६ ते २० अशी मोजपट्टी दिली आहे, तिच्यावर ही पायरी साधारण १२-१३ वर येते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांसोबत बीटा ब्लॉकर चालू असेल, तर साखर घसरल्याची धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो, म्हणून अवेळी आलेल्या घामाकडे दुर्लक्ष करू नये.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातील पाणी कमी करतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात अशी गोळी घेऊन सकाळी नऊनंतर चालायला जाणे धोक्याचे आहे, तिथे पहाटेचीच वेळ धरावी. अॅम्लोडिपिन, प्रॅझोसिन, टॅम्सुलोसिन आणि नायट्रेट ही औषधे रक्तवाहिन्या सैल करतात. व्यायामानंतरचा स्वाभाविक उतार आणि या औषधांचा उतार एकत्र आला की चक्कर येते, म्हणून अशा माणसाने व्यायाम उतरवण्याचा, म्हणजे शेवटी सावकाश चालण्याचा, वेळ दुप्पट ठेवावा. व्यायाम सुरू केला म्हणून कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडिन एकदम थांबवल्यास दाब उसळी मारून वर जातो.

तिसरे पाऊल: चालणे, आणि त्याची दोन टोके

पहिल्या चार आठवड्यांसाठी चालण्यासारखा दुसरा व्यायाम नाही. ज्याला सवय नाही त्याने दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे चालावे. दुसऱ्या आठवड्यात दोन वेळा पंधरा मिनिटे, आणि चौथ्या आठवड्यापर्यंत सलग तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, अशी वाढ करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले आठवड्याचे १५० ते ३०० मिनिटांचे मध्यम श्रम येथूनच गाठता येतात. गुडघे दुखत असतील तर सायकल किंवा पोहणे चालेल.

खरी काळजी दोन्ही टोकांना घ्यावी. सुरुवातीची पाच ते आठ मिनिटे रमतगमत चालावे, म्हणजे व्हेगसचा लगाम हळूहळू सुटतो आणि अनुकंपी विभागाला एकदम धावून यावे लागत नाही. नाडी साधारण १०० पर्यंत मुख्यतः व्हेगस मागे सरल्याने वाढते, त्यापुढे अनुकंपी जोराचा वाटा वाढत जातो. शेवटची आठ-दहा मिनिटे पुन्हा सावकाश चालावे. भरभर चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. आपण एकदम थांबून उभे राहिलो, की हा पंप बंद पडतो, पण पायांतील वाहिन्या अजून उघड्याच असतात, रक्त खाली साचते आणि मेंदूकडे जाणारा पुरवठा घटतो. रस्त्याच्या कडेला गप्पा मारत उभे असताना चालून आलेल्या माणसाला घेरी येते ती यामुळे. त्याच कारणासाठी व्यायामानंतर लगेच कडक गरम पाण्याने आंघोळ करू नये. वीस-पंचवीस मिनिटे थांबून कोमट पाणी घ्यावे.

चालताना किंवा चालणे संपताच दाब मोजू नये. मोजायचाच असेल तर व्यायामानंतर किमान अर्ध्या तासाने, बसून, वर सांगितलेल्या पद्धतीने मोजावा. मात्र तो आकडा खालचा दिसणार हे धरून चालावे आणि त्याला आपली नेहमीची पातळी समजू नये. विश्रांतीची पातळी कळते ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोजणीतून.

चौथे पाऊल: ताकदीचे व्यायाम आणि श्वास

तालमीतील जोर-बैठका असोत की जिममधील वजने, ताकदीचा व्यायाम रक्तदाबासाठी वाईट असतो ही समजूत चुकीची आहे. वाईट असते ते दम कोंडणे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली पाच अनुभवी शरीरसौष्ठवपटूंच्या रोहिणीत नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजण्यात आला. दोन्ही पायांनी जास्तीत जास्त वजन ढकलताना सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेला, आणि एका व्यक्तीत तो ४८०/३५० च्याही पुढे गेला. आवळलेल्या स्नायूंनी दाबलेल्या वाहिन्या, मेंदूची प्रबळ आज्ञा आणि कोंडलेल्या श्वासामुळे छातीत वाढलेला दाब, या तिन्हींचा तो एकत्रित परिणाम होता. कोंडलेला श्वास सोडताच दाब क्षणात कोसळतो आणि दाबग्राहींना उलट दिशेने धावपळ करावी लागते. ज्याची यंत्रणा आधीच बोथट आहे, त्याच्यासाठी ही ओढाताण धोक्याची आहे.

म्हणून चौथ्या आठवड्यानंतर, आठवड्यातून दोन दिवस, न थांबता १२ ते १५ वेळा उचलता येईल एवढेच वजन घ्यावे आणि उचलताना श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा. श्वासाचा हिशेब चुकत असेल तर मोठ्याने आकडे मोजावेत, मोजणाऱ्या माणसाला दम कोंडता येत नाही. शेवटची एक-दोन आवर्तने दात-ओठ खाऊन करावी लागतील इतका जोर लावू नये. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर आणि पाण्याच्या बाटल्या उचलणे, एवढ्याने घरीही सुरुवात होते. दोन संचांच्या मध्ये दीड-दोन मिनिटे सावकाश फिरावे.

सूर्यनमस्काराविषयी वेगळे सांगितले पाहिजे. त्यात डोके वारंवार हृदयाच्या खाली जाते आणि वर येते, त्यामुळे दाबग्राहींची चांगली कसरत होते. मात्र उभे राहण्याच्या चाचणीत ज्यांचा दाब घसरला, त्यांनी पहिले काही महिने सूर्यनमस्कार टाळावेत, आणि इतरांनी एका नमस्काराला किमान अर्धा मिनिट देऊन सुरुवात करावी. दाब आटोक्यात नसताना शीर्षासन करू नये.

पाचवे पाऊल: स्थिर ताणाचे व्यायाम

२०२३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० प्रयोग आणि १५,८२७ सहभागी यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चालणे-धावणे-सायकल अशा व्यायामांनी विश्रांतीचा दाब सरासरी ४.४९/२.५३ ने, हालत्या वजनांच्या व्यायामाने ४.५५/३.०४ ने, आणि स्थिर ताणाच्या व्यायामाने ८.२४/४.०० ने उतरल्याचे दिसले. स्थिर ताण म्हणजे सांधा न हलवता स्नायू आवळून धरणे. हे आकडे पाहून चालणे सोडून देऊ नये. स्थिर ताणाचे प्रयोग संख्येने कमी आणि आकाराने लहान होते, आणि चालण्याचे साखर, वजन, झोप व मन यांवरील लाभ त्यातून मिळत नाहीत. तरीही आठवड्यात तीन वेळा चौदा मिनिटे देऊन जे मिळते ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

यातील सोपा प्रकार भिंतीला पाठ टेकून, जणू खुर्चीवर बसल्याप्रमाणे, थांबण्याचा आहे. पाठ भिंतीला लावून पावले दीड-दोन फूट पुढे ठेवावीत आणि पाठ घसरवत खाली यावे. गुडघ्यांचा कोन सुरुवातीला उघडा, साधारण १२० ते १३० अंशांचा असावा, आणि जमेल तसा तो काटकोनाकडे न्यावा. दोन मिनिटे थांबावे, दोन मिनिटे विश्रांती घ्यावी, आणि असे चार वेळा करावे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटे जमली नाहीत तर तीस सेकंदही चालतील. ज्यांना गुडघ्यांमुळे हे शक्य नाही, त्यांनी हाताच्या पकडीचे यंत्र आपल्या पूर्ण ताकदीच्या सुमारे ३० टक्के जोराने तितकाच वेळ दाबून धरावे.

आवळलेल्या स्नायूंत रक्त कमी फिरते, द्रव्ये साठतात आणि आलम व स्मर्क यांनी दाखवलेला तोच मार्ग जागा होऊन दाब काही काळ चढतो. म्हणून तोंडाने सारखा श्वास चालू ठेवणे येथे अत्यावश्यक आहे, आणि ज्यांचा विश्रांतीतील दाब १६०/१०० च्या वर आहे, त्यांनी तो उतरेपर्यंत हा प्रकार पुढे ढकलणे हिताचे.

सहावे पाऊल: संथ श्वसन

इटलीतील पाव्हिया येथील संशोधकांनी २००१ साली २३ निरोगी प्रौढांना लॅटिन जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र म्हणायला सांगितले, तेव्हा दोन्हींत त्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि दाबग्राहींची संवेदनशीलता वाढली. २००५ साली उच्च रक्तदाबाच्या रुग्णांतही मिनिटाला सहा श्वासांच्या गतीने हीच वाढ आणि दाबातील उतार दिसला. कारण असे की रक्तदाबातील स्वाभाविक चढ-उतार सुमारे दहा सेकंदांच्या लयीत होतात, आणि श्वास त्याच लयीवर आला की दोन्ही एकमेकांना साथ देतात.

करण्याची रीत सोपी आहे. व्यायाम उतरवून झाल्यावर बसून चार सेकंद श्वास घ्यावा आणि सहा सेकंद सोडावा, असे दहा मिनिटे. मध्ये कुंभक करू नये, म्हणजे श्वास रोखून धरू नये. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामची स्थापना करून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याचा जो पायंडा पाडला, त्याच वृत्तीने येथेही भेद करावा. संथ श्वसन आणि भस्त्रिका-कपालभातीसारख्या जलद क्रिया यांचा चेतासंस्थेवरील परिणाम एकसारखा नाही, आणि दाब आटोक्यात नसलेल्या माणसाने जलद क्रिया करू नयेत. संथ श्वसन चालण्याची जागा घेऊ शकत नाही, ते त्याच्या जोडीला आहे.

ज्यांच्या मज्जातंतूंनाच इजा झाली आहे

मधुमेह दहा-पंधरा वर्षे जुना झाला, विशेषतः साखर दीर्घकाळ आटोक्यात नसेल, तर हृदय आणि रक्तवाहिन्यांचे काम आपोआप चालवणाऱ्या स्वायत्त मज्जातंतूंना इजा होऊ शकते, आणि यात व्हेगसला बहुधा आधी झळ बसते. अशा माणसाची नाडी विश्रांतीतही ९०-१०० च्या पुढे असते, चालताना ती नीट वाढत नाही, थांबल्यावर नीट उतरत नाही, आणि उभे राहताच दाब घसरतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे हृदयाला रक्त कमी पडले तरी छातीत दुखत नाही. म्हणून अशांनी हृदयाची तपासणी झाल्याखेरीज वेगवान व्यायाम करू नये. पार्किन्सनच्या रुग्णांतही उभे राहताना दाब घसरणे वारंवार दिसते.

यांच्यासाठी व्यायामाचा क्रमच उलटा ठेवावा. आधी आडवे, मग बसून, शेवटी उभे. पलंगावर पडून पाय उचलणे, बसून चालवायची सायकल आणि छातीभर पाण्यात चालणे हे प्रकार सुरक्षित आहेत, कारण त्यांत रक्त पायांत साचत नाही. मात्र पाण्याबाहेर येताना आधार घेऊन सावकाश यावे. उठण्यापूर्वी पलंगाच्या कडेला बसून वीस-तीस वेळा घोटे वर-खाली करावेत. उभे असताना चक्कर वाटली तर उभ्यानेच एका पायापुढे दुसरा पाय आडवा ठेवून मांड्या आवळाव्यात किंवा सरळ खाली बसावे. अर्धा लिटर पाणी चार-पाच मिनिटांत प्यायल्याने या आजारात उभे राहण्याचा दाब अर्ध्या-पाऊण तासापुरता सुधारतो, हा उपाय व्यायामापूर्वी उपयोगी पडतो. फक्त ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी तो विचारूनच करावा. भरपेट जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळते, म्हणून दोन तास व्यायाम नको.

सुधारणा कशी ओळखावी

चार, आठ आणि बारा आठवड्यांनी तीच सात दिवसांची मोजणी पुन्हा करावी. रोज आकडे बघत बसू नये, त्याने काळजी वाढते आणि काळजीने दाब. वरचा आकडा सरासरी पाच ते आठने उतरला तर व्यायाम आपले काम चोख करतो आहे असे समजावे. ज्याचा दाब मुळात अधिक, त्याला उतारही बहुधा अधिक मिळतो.

दाबाच्या जोडीला दोन गोष्टी नोंदवाव्यात. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी काही आठवड्यांत चार-पाच ठोक्यांनी खाली येते. दुसरी नोंद व्यायाम सर्वांत जोरात असतानाची नाडी आणि त्यानंतर सावकाश चालत एका मिनिटाने घेतलेली नाडी यांतील फरकाची. हा उतार व्हेगस किती तत्परतेने लगाम पुन्हा हाती घेतो ते सांगतो. १९९९ साली क्लीव्हलँड क्लिनिकमधील अभ्यासात ताण-चाचणीनंतर पहिल्या मिनिटात नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरणाऱ्यांत पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. घरच्या चालण्यात नाडी त्या चाचणीइतकी वाढत नाही, म्हणून एकाच आकड्यावरून घाबरू नये. आपलाच महिन्याआधीचा फरक आणि आजचा फरक यांची तुलना करावी. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना ही नोंद तितकी उपयोगी नाही.

छातीत आवळल्यासारखे वाटणे, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, श्रमाच्या मानाने अतिरेकी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, नाडी अडखळणे, अचानक तीव्र डोकेदुखी, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच क्षणी थांबून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. घरी जाऊन बघू असे म्हणू नये.

बारा आठवड्यांचे आकडे, उभे राहण्याच्या चाचणीची नोंद आणि चक्कर आलेल्या दिवसांची टिपणे एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावीत. गोळीचा डोस कमी करायचा की नाही, हे त्यांना या कागदावरून दवाखान्यातील एका आकड्यापेक्षा किती तरी अधिक खात्रीने ठरवता येते. व्यायामाने मिळालेला उतार व्यायाम बंद केल्यावर काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून डोस कमी झाला असेल आणि आजारपण, लग्नकार्य किंवा प्रवास यांमुळे दोन आठवडे खंड पडला, तर त्या काळात दाब पुन्हा मोजायला घ्यावा. परतताना पूर्वीच्या निम्म्या वेळापासून सुरुवात करावी, आणि ताप येऊन गेला असेल तर तो उतरून पूर्ण ताजेतवाने वाटेपर्यंत भिंतीला टेकून थांबण्याचा व्यायाम आणि वजने यांना हात लावू नये.